झोन आला, पुढे काय?

तुळस, अडुळसा, निर्गुडी, कडुनिंब, हळद. यांपैकी एखादीचा अर्क काढायचा, जिवाणूंच्या प्लेटवर सोडायचा आणि दुसऱ्या दिवशी झोन मोजायचा, हा प्रयोग सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या बहुतेकांनी स्वतः केलेला असतो, नाहीतर शेजारच्या टेबलावर पाहिलेला असतो. प्रयोग साधा आणि देखणा आहे. समुद्री शेवाळातून मिळणारं आगर घालून जिवाणूंचं खाद्य शिजवतात आणि काचेच्या बशीत ओततात. ते थिजलं की खरवसासारखा घट्ट, किंचित पिवळसर थर तयार होतो, साधारण चार मिलिमीटर जाडीचा. त्यावर कापसाच्या बोळ्याने जिवाणू सगळीकडे सारखे फिरवायचे, पोकळ नळीने थरात छोटी गोल भोकं पाडायची, भोकांत अर्क सोडायचा आणि बशी ३५ ते ३७ अंश सेल्सिअसला रात्रभर उबेत ठेवायची. सकाळी सगळ्या बशीवर जिवाणूंची दुधट साय धरलेली असते. अर्क लागू पडला असेल, तर भोकाभोवती मात्र स्वच्छ, आरपार दिसणारं वर्तुळ उमटतं. तोच झोन. पट्टी लावायची आणि व्यास लिहायचा. पुढच्याच ओळीत बहुधा निष्कर्ष येतो की अमुक वनस्पतीचे जंतुनाशक गुणधर्म सिद्ध झाले आणि पूर्वजांच्या ज्ञानावर विज्ञानाने शिक्कामोर्तब केलं. माझं म्हणणं या दोन ओळींमधल्या उडीबद्दल आहे. ते वर्तुळ दोन्ही बाजूंनी फसवतं. औषध नसलेल्या ठिकाणी ते उमटतं आणि खरं द्रव्य असलेल्या ठिकाणी कधीकधी उमटतच नाही. ज्यांना आपल्या वनौषधींबद्दल मनापासून आस्था आहे, त्यांनी तर या फसवणुकीबद्दल सगळ्यांत जास्त जागरूक असायला हवं.

आधी नको तिथे उमटणाऱ्या वर्तुळाकडे पाहू. समजा, अर्काची तीव्रता मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम आहे आणि भोकात १०० मायक्रोलिटर, म्हणजे जेमतेम दोन थेंब, अर्क सोडला. भोकात १० मिलिग्रॅम म्हणजेच १०,००० मायक्रोग्रॅम माल उतरला. शेजारी तुलनेसाठी सिप्रोफ्लॉक्सासिनची कागदी चकती ठेवतात. तिच्यात औषध असतं ५ मायक्रोग्रॅम. दोन्हींभोवती सारख्या आकाराची वर्तुळं आली म्हणून अर्क अँटिबायोटिकच्या तोडीचा ठरत नाही, कारण त्याचं वजन दोन हजार पट होतं. अर्क हे शेकडो द्रव्यांचं मिश्रण असतं आणि त्यात कामाचा अंश थोडाच असेल, हे मान्य. पण मग तो अंश कोणता आणि किती, हे शोधल्याशिवाय तुलना करता येत नाही. शिवाय वर्तुळ कशाने आलं, हा प्रश्न उरतोच. आवळा, कोकम, चिंच यांच्या नुसत्या आंबटपणाने जिवाणूंची वाढ खुंटते. हिरडा आणि बाभळीची साल यांत टॅनिन भरपूर असतं. ज्या गुणामुळे या दोन्ही वस्तू कातडी कमावायला वापरल्या गेल्या, त्याच गुणामुळे टॅनिन समोर येईल त्या प्रथिनाला चिकटतं, मग ते जिवाणूचं असो की आपलं. अर्क ज्या अल्कोहोलमध्ये विरघळवला, ते अल्कोहोलही जिवाणू मारतं. म्हणून प्रत्येक बशीत एका भोकात नुसतं द्रावक हवं आणि अर्काची आम्लता मोजलेली हवी. इतकी साधी शिस्त पाळली, तरी पुष्कळ वर्तुळं आकसतात.

झोनचा व्यास खरं म्हणजे ताकद मोजतच नाही. द्रव्य आगरातून किती लांब झिरपलं, हेही त्या आकड्यात मिसळलेलं असतं. ताकद कळायला एमआयसी काढावी लागते, म्हणजे वाढ थांबवणारी कमीत कमी तीव्रता. छोट्या नळ्यांची रांग मांडायची, पहिलीत अर्क जास्तीत जास्त, दुसरीत त्याच्या निम्मा, तिसरीत त्याच्या निम्मा, असं करत जायचं. सगळ्यांत सारखेच जिवाणू सोडायचे आणि दुसऱ्या दिवशी कोणत्या नळीपासून द्रव गढूळ व्हायला लागला ते पाहायचं. पेनिसिलिनला बळी पडणारा स्टॅफिलोकोकस मिलिलिटरला ०.१२ मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही कमी पेनिसिलिनमध्ये थांबतो. अर्काला मिलिलिटरमागे १ मिलिग्रॅमहून जास्त लागत असेल, तर त्याला परिणामकारक म्हणूच नये, असं या क्षेत्रातल्या जाणकारांनी सुचवलेलं आहे. ही मर्यादा आडमुठी नाही, हे साध्या हिशेबाने पटेल. एखाद्या अर्काची एमआयसी मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम निघाली असं धरू. माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं, म्हणजे फक्त रक्तात ती तीव्रता गाठायला २५ ग्रॅम अर्क हवा. वाळलेल्या पाल्यातून दहावा हिस्सा अर्क निघतो असं मानलं, तर पाव किलो वाळलेला पाला लागेल. आणि तो सगळाच्या सगळा आतड्यातून शोषला जाऊन यकृताच्या तावडीतून अबाधित सुटायला हवा. असं घडत नाही. मात्र लेप, गुळणी, जखम धुण्याचा काढा यांना हा हिशेब लागू होत नाही, कारण तिथे द्रव्य थेट जागेवर पोचतं आणि तीव्रताही हवी तेवढी ठेवता येते. बशीतला पुरावा सगळ्यांत जास्त बोलतो तो त्वचेबद्दल आणि तोंडाबद्दल. पोटात घ्यायच्या औषधाबद्दल तो जवळजवळ गप्प असतो.

आता उलट बाजू. लसणाची अख्खी पाकळी नाकाशी धरली तर वास फारसा येत नाही. ठेचली की घमघमाट सुटतो. तो वास येतो तेव्हाच तिच्यातलं ॲलिसिन जन्माला येत असतं. पाकळीत ॲलिइन आणि ते फोडणारं विकर वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. ठेचल्यावर दोघं भेटतात आणि काही क्षणांत ॲलिसिन तयार होतं. १९४४ साली अमेरिकेत कॅव्हलिटो आणि बेली यांनी ते वेगळं काढलं आणि त्याची जिवाणूंवरची मारक शक्ती दाखवली. हीच लसूण न ठेचता उकळली, तर उष्णतेने विकर मरतं, ॲलिसिन बनतच नाही आणि बशी कोरी राहते. हळदीचं दुखणं निराळं आहे. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे आगरात ते फार सरकत नाही. तिथे झोन लहान आला, तर दोष द्रव्याच्या ताकदीचा की झिरपण्याचा, हे नुसत्या पट्टीने कळत नाही. (त्याच कर्क्युमिनची दुसरी खोड अशी की अनेक चाचण्यांत ते खोटा होकार देतं, हे रसायनशास्त्रज्ञांनी सविस्तर दाखवून दिलं आहे. म्हणजे ते दोन्हीकडून चकवतं.)

पण झोनची मर्यादा सर्वांत ठळक दिसते ती दारुहळदीच्या कुळात. दारुहळदीचं लाकूड पिवळं असतं ते बर्बेरिनमुळे, आणि तिच्यापासून केलेलं रसांजन डोळ्यांच्या विकारांवर जुन्या काळापासून वापरात आहे. शुद्ध बर्बेरिन स्टॅफिलोकोकसवर तपासलं की निराशा होते, कारण त्या जिवाणूच्या आवरणात नोरए नावाचा पंप असतो आणि आत शिरलेलं बर्बेरिन तो बाहेर फेकत राहतो. २००० साली अमेरिकी संशोधकांनी बर्बेरिस कुळातल्याच झुडपांच्या पानांत दुसरं एक द्रव्य शोधलं, मेथॉक्सीहिडनोकार्पिन. हे एकटं बशीत टाकलं तर काहीच करत नाही. झोन शून्य. पण ते त्या पंपाला बूच लावतं, आणि मग तेच दुबळं बर्बेरिन जिवाणूच्या आत साठून त्याला लोळवतं. झोन पाहून द्रव्यं निवडणारा संशोधक हे दुसरं द्रव्य पहिल्याच दिवशी बाजूला टाकून देईल. या द्रव्याच्या नावात हिडनोकार्पस हे झाडाचं नाव दडलेलं आहे, कारण ते आधी चौलमुग्रा तेलात सापडलं होतं. चौलमुग्रा तेल देणाऱ्या झाडांपैकी एक आपल्या कोकणात आणि सह्याद्रीत ओढ्याकाठी वाढतं. मराठीत त्याला कडू कवठ म्हणतात. सुश्रुतसंहितेतला तुवरक तो हाच मानला जातो, आणि तिथेही त्याची जागा पश्चिम समुद्राच्या काठावर सांगितलेली आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत कुष्ठरोगावर जगभर हेच तेल दिलं जात होतं. हवाईमध्ये ॲलिस बॉल या तरुण रसायनतज्ज्ञ स्त्रीने १९१५-१६च्या सुमारास ते टोचता येईल अशा रूपात आणलं, आणि चोविसाव्या वर्षी ती वारली. या तेलाची बशीतली परीक्षा तेव्हा होऊ शकत नव्हती, आजही होत नाही, कारण हॅन्सन यांनी १८७३ साली पाहिलेला कुष्ठरोगाचा जिवाणू अजूनही कोणत्याच कृत्रिम खाद्यावर वाढवता आलेला नाही. १९६० साली उंदराच्या पायाच्या तळव्यात तो वाढवण्याची युक्ती सापडली, तेव्हा कुठे औषधं तपासायला आधार मिळाला. चौलमुग्राने रोग हटत होता तो मेथॉक्सीहिडनोकार्पिनमुळे, असं मी म्हणत नाही. तसा पुरावा नाही. १९४०च्या दशकात सल्फोन औषधं आली आणि ती इतकी सरस ठरली की तेल मागे पडलं, हे योग्यच झालं. सांगायचं एवढंच की ज्या झाडाबद्दल बशी काहीच बोलू शकत नव्हती, त्याच्यात शोधण्यासारखं काहीतरी होतं.

बुरशीकडे वळलं की अडचण आणखी वाढते. जिवाणूची पेशी आपल्या पेशीहून खूप वेगळी, म्हणून जिवाणूला मारून आपल्याला न दुखावणारं विष शोधणं त्या मानाने सोपं. बुरशीची पेशी आपल्या पेशीची नातेवाईक आहे. तिच्या आवरणात अर्गोस्टेरॉल असतं, आपल्या आवरणात कोलेस्टेरॉल. अशा बारीक फरकांच्या फटीतूनच औषधाला वाट काढावी लागते. आपल्याकडचं उदाहरण टाकळ्याचं. पहिला पाऊस पडला की रस्त्याकडेला, पडीक जागेत टाकळा उगवतो आणि कोकणात त्याची कोवळी भाजी आवडीने खातात. संस्कृतात त्याचं एक नाव दद्रुघ्न, म्हणजे नायटा घालवणारा. त्याच्या बिया लिंबाच्या रसात किंवा आंबट ताकात वाटून नायट्यावर लावण्याचा परिपाठ जुना आहे. १९७५ साली भारतीय संशोधकांनी टाकळ्यातलं बुरशीविरोधी मुख्य द्रव्य वेगळं काढलं. ते निघालं क्रायसोफॅनिक आम्लाचं अँथ्रोन, आणि नायट्याला कारण होणाऱ्या ट्रायकोफायटन कुळातल्या बुरशींना ते रोखत होतं. त्या प्रयोगातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. बुरशीच्या खाद्यात संशोधकांनी ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क जीवनसत्त्व, मिसळलेलं होतं. अँथ्रोनला हवा लागली की त्याचं ऑक्सिडीकरण होतं आणि ते बदलून जातं. क जीवनसत्त्व त्याला सांभाळतं. मग बिया लिंबाच्या रसात वाटायच्या, ही जुनी कृती याच कारणासाठी टिकून राहिली असेल का? हा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण तो तपासता येतो. उलट बिया दळून मिथेनॉलमध्ये भिजवून, अर्क वाळवून, महिनाभर बाटलीत ठेवून मग बशीवर सोडणाऱ्याला हा प्रश्न सुचणारही नाही.

या द्रव्याची दुसरी गोष्ट गोव्यात सापडते. एकोणिसाव्या शतकात मुंबई-गोव्याच्या बाजारात गजकर्णावर गोवा पावडर म्हणून एक पिवळट तपकिरी भुकटी विकली जाई. ती मूळ गोव्याची नव्हतीच. ब्राझीलमधल्या अरारोबा झाडाच्या खोडातल्या भेगांतून ती खरवडून काढत आणि पोर्तुगीजांच्या व्यापारातून ती इकडे येई. तिच्यातलं मुख्य द्रव्य क्रायसरोबिन, आणि रासायनिकदृष्ट्या ते टाकळ्याच्या बियांतलं अँथ्रोनच आहे. दोन खंडांतल्या दोन वेगळ्या झाडांपासून लोक एकाच रेणूपर्यंत पोचले आणि दोन्हीकडे तो एकाच रोगावर लावला गेला. परंपरेच्या निरीक्षणशक्तीचा याहून चांगला दाखला मला आठवत नाही. पण गोष्ट इथे थांबत नाही. १८७०च्या दशकात लंडनच्या बालमॅनो स्क्वायर या त्वचारोगतज्ज्ञाने ही भुकटी सोरायसिसवर वापरली आणि गुण आला. सोरायसिसमध्ये बुरशीचा काही संबंध नसतो. म्हणजे हा रेणू आपल्या त्वचेच्या पेशींवरही काम करतो. लावलेल्या जागेची आग होते, डोळ्यांना इजा होते, कपड्यांना न जाणारे डाग पडतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ साली, जर्मनीत त्याच्याच घडणीचं डिथ्रॅनॉल कृत्रिमरीत्या बनवलं गेलं आणि ते सोरायसिसचं मान्य औषध झालं. बुरशीवरचं औषध म्हणून निघालेली वाट भलत्याच रोगापाशी पोचली, आणि हे समजलं ते माणसाच्या त्वचेकडे नीट पाहिल्यामुळे.

इथे पहिला आक्षेप येतो. हजार वर्षं लोक वापरत आले, तर तपासायचं कशाला? गोवा पावडरच त्याचं उत्तर देते. लाल, खवले धरणारा प्रत्येक चट्टा गजकर्णाचा नसतो, पण बरा झाला की यश गजकर्णाच्या खाती जमा होतं. सर्दी, साधं गळू, बहुतेक जुलाब आपोआप बरे होतात आणि श्रेय शेवटच्या काढ्याला मिळतं. शिवाय परंपरेने जी वनस्पती सांगितली तीच हातात आहे ना, हेही पाहावं लागतं. टाकळ्याच्या जवळचाच कासविंदा. त्याच्या बिया लहान मुलांच्या पोटात गेल्या तर जिवावर बेततं. परंपरेचा मान राखायचा तर तिची नोंद काटेकोर ठेवावी लागते, हे कडुनिंबाने जगापुढे दाखवून दिलं. कडुनिंबाच्या तेलाच्या बुरशीनाशक वापरावर युरोपात १९९४ साली दिलेलं पेटंट २००० साली रद्द झालं आणि २००५ साली त्यावरचं अपीलही फेटाळलं गेलं. त्या लढ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतांत १९८५-८६ साली झालेल्या प्रयोगांची साक्ष कामी आली. तारीख, जागा आणि कृती सांगणारी साक्ष होती, म्हणून ती टिकली.

दुसरा आक्षेप याच्या नेमका उलटा आणि जास्त वजनदार आहे. पेनिसिलिन बुरशीतून आलं, स्ट्रेप्टोमायसिन मातीतल्या जिवाणूंतून आलं. वनस्पतींनी आजवर एकही मोठं अँटिबायोटिक दिलेलं नाही, मग हा खटाटोप का? आपल्या पिंपरीचंच उदाहरण या आक्षेपाच्या बाजूने उभं राहतं. तिथल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हामायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधलं ते स्ट्रेप्टोमायसेस पिंपरिना या मातीतल्या सूक्ष्मजीवापासून. मातीतले सूक्ष्मजीव एकमेकांशी अन्नासाठी झुंजतात, म्हणून त्यांची शस्त्रं धारदार असतात. वनस्पतींची रीत वेगळी. साल जाड, रस चिकट, त्यात दहा-वीस सौम्य विषं एकत्र. त्यातलं एकेक सुटं काढून तोललं, तर अँटिबायोटिकपुढे ते शेकडो पटींनी कमी भरतं. पण बर्बेरिनच्या गोष्टीने दाखवलं की या सौम्य विषांमध्ये जिवाणूचा बचाव मोडणारी द्रव्यंही असतात. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगात अंदाजे १२.७ लाख माणसं दगावली. हाताशी असलेल्या औषधांना पुन्हा धार आणणारं काही झाडापाल्यात मिळत असेल, तर ते शोधणं वाया जाणारं काम नाही. फक्त ते झोन मोजून सापडणार नाही. मोडकळीला आलेलं अँटिबायोटिक आणि अर्क एकत्र ठेवून पाहावं लागेल.

आणि वनस्पती अख्खी वापरायची असते, तिचे तुकडे करून तपासणं हाच तिच्यावर अन्याय, असं वैद्यांकडून ऐकू येतं. त्यात तथ्य आहे, आणि बर्बेरिन त्याचा साक्षीदार आहे. पण त्यातून तपासणी सोडून देण्याचा सल्ला निघत नाही. तपासणी कृतीला धरून करण्याचा निघतो. ज्या अनुपानात, जितकी ताजी, ज्या जागी लावायची सांगितली, तशीच घेऊन तपासा. मग जो निकाल येईल तो मात्र निमूट स्वीकारा. पहिली अट पाळायची आणि दुसरी टाळायची, असं चालणार नाही.

असं एक काम आज समोर उभं आहे. गेल्या काही वर्षांत देशभर नायटा चिवट झाला आहे. महिनोन्महिने तो हटत नाही, घरातल्या सगळ्यांना होतो. त्यामागच्या बुरशीला २०२० साली ट्रायकोफायटन इंडोटिनिए असं नाव मिळालं. तिच्यातले अनेक वाण टर्बिनाफिन या मुख्य औषधाला दाद देत नाहीत, आणि स्टेरॉइड मिसळलेली मलमं मनाने लावण्याच्या सवयीने रोग आणखी बळावला. दद्रुघ्न नावाच्या झाडाची खरी परीक्षा इथे आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. कोणती बुरशी तपासली याची नोंद तिथल्यासारख्या संग्रहात असावी. टाकळ्याचा नमुना वनस्पतिशास्त्रज्ञाने ओळखून कागदावर चिकटवून ठेवलेला असावा. मग पाच वाडगे: ताज्या वाटलेल्या बिया पाण्यात, त्याच बिया लिंबाच्या रसात, नुसता लिंबाचा रस, तितकंच आंबट केलेलं पाणी, आणि हवा लागून जुनी झालेली बियांची पूड. लिंबाने अँथ्रोन सांभाळलं की नुसत्या आंबटपणाने काम केलं, हे तिसरा आणि चौथा वाडगा सांगतील. पाचव्याने कळेल की बाजारात डब्यात भरून मिळणाऱ्या चूर्णात काही उरतं का. जी तीव्रता बुरशी रोखते, तीच माणसाच्या त्वचेच्या पेशींवर सोडून पाहायची, कारण हा रेणू भाजतो हे गोवा पावडरने शिकवलेलं आहे. त्या दोन तीव्रतांमध्ये पुरेसं अंतर निघालं, तरच रुग्णांकडे जायचं, तेही निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना तसाच दिसणारा साधा लेप देऊन. बशा मात्र या वेळी दुसऱ्या सकाळी उघडून चालणार नाहीत. नायट्याची बुरशी सावकाश वाढते. तिला आठवडाभर, कधी त्याहून जास्त, उबेत राहू द्यावं लागतं.